विचारून खुडलेलं कुर्डू

आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली की गावाला दोन-चार दिवस गुंगी येते. कमरा सरळ होतात, पायाच्या बोटांतल्या चिखल्या सुकायला लागतात, माणसं एकमेकांची तोंडं ओळखायला लागतात. यंदा अशाच एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि खालच्या खाचरांकडून तो आवाज आला. डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. घुंऽऽ घुंऽऽ. बॅटरीवरचा फवारणीचा पंप. पिठाचे हात तसेच घेऊन मी पडवीत धावले, पडवीतून अंगणात, अंगणातून चिंचेखाली, आणि टाचा उंचावून बघायला लागले की कोणाच्या बांधावर कोण चाललंय. परत आले तोवर तव्यावरच्या भाकरीची पाटी झाली होती. माझ्या ओवीनं तिच्यावर खडूनं 'अ' गिरवला असता तर उमटला असता.

"काय झालं गो?" नवऱ्यानं गोधडीतून विचारलं. महेश हायवेच्या गोदामात रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता.

"कोणतरी बांध मारतंय."

"मग मारू दे. आपला नाय ना?"

आपला नाय ना! म्हणून तो कुशीवर वळला आणि घोरायला लागला. त्याचं घोरणं आटगाव स्टेशनावर ऐकू जातं, लोक गाडी आली समजून उठून उभे राहतात. मला मात्र त्या दिवसापासून कुठं टेकवत नाही. गेल्या पावसाळ्याचे ते सगळे दिवस त्या घुंऽऽ आवाजाला बांधलेले आहेत, तो आला की ते एकामागून एक घरात शिरतात आणि चुलीपाशी माझ्याशेजारी बसतात.

'बांध मारणं' म्हणजे बांधावरच्या गवतावर तणनाशक फवारणं. गवत वाळवायच्या विषाला आमच्याकडं साधं 'औषध' म्हणतात. दुकानात गेलं तरी तेच, "औषध द्या बांधाचं." जसा काय बांधाला खोकलाच झालाय.

आता बांध म्हणजे काय, तर दोन खाचरांमधली हातभर रुंद माती. पण आवणीनंतर तिच्यावर जे उगवतं त्याला शहापूरचा बाजार लाजेल. कुर्डू, टाकळा, रानमाठ, कडेच्या झुडपांवर चढलेली कंटोली. पेरलं कोणी? कोणी नाही. राखलं कोणी? कोणी नाही. सकाळी खुडावं तर संध्याकाळी पुन्हा हजर. मी मुरबाडकडची, म्हशाजवळची. आमच्या तिकडं तर कुर्डू एवढं माजतं की एकदा माझ्या आत्याची म्हैस त्यात शिरली ती दिवाळीला बाहेर आली, रेडकू घेऊन. इथं सासरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा सासरच्या मंडळींनी एकमेकांकडं बघितलं आणि कोणीतरी विचारलं, "आत्या कुठल्या दाव्यानं बांधायची तिला?" म्हणजे इथंही आपल्यासारखी माणसं आहेत हे मला तेव्हाच कळलं आणि जीव रमला.

तर या बांधावरच्या भाजीचा एक नियम आहे, कुठं लिहिलेला नाही. काकडी तोडली तर चोरी, भेंडी तोडली तर भांडण, पण कुर्डू कोणाच्याही बांधावरचं कोणीही खुडावं. विचारायचं नाही. विचारलं तर समोरच्याला राग येतो. म्हणजे काय, मी काय रानभाजीला नाही म्हणणारा माणूस वाटलो का तुला? वाडीवरच्या बाया येतात, आमच्या घरच्या जातात, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, ज्याची ओटी भरली त्याचं घर जेवलं. भांडण असलेल्या भावकीच्या बांधावरही बिनधास्त वाकायचं. तोंड फिरवून वाकायचं, एवढंच.

माझं घर या नियमावर चालतं. गोदामातला पगार येतो तसा दुचाकीचं पेट्रोल, गॅस, दोन पोरांची आजारपणं यांत विरघळून जातो. तांदूळ घरचा, वाल घरचे, नाचणी, आमची नागली, माझ्या भावाकडची, अंडी देतील तेव्हा कोंबड्यांची. धाकटा शिवू तेव्हा दात यायच्या वयातला. त्याची नागली मी भिजवून, मोड आणून, भाजून, दळून, जुन्या लुगड्यातून अशी वस्त्रगाळ करते की शिंकलं तर सगळं सत्त्व कसाऱ्याला पोचेल. ओवी बालवाडीत. तिच्या बरोबरीच्या पोरी डब्यात पाकिटं नेतात, त्या कुरकुरीत नळ्या, खाऊन बोटं केशरी होतात आणि केशरीच राहतात. माझ्या घरात पाकीट येणार नाही असं मी एकदा भर अंगणात जाहीर केलं. हायवेपलीकडं बंगलेवाल्यांच्या शेतावर 'सेंद्रिय' अशी पाटी लागलीय, तिथं मुंबईची माणसं गाड्या करून भाजी न्यायला येतात. मी म्हटलं, आमी पाटी न लावता सेंद्रिय. खिसा रिकामा असला की माणूस आपोआपच सेंद्रिय होतो.

जाहीर करणं सोपं. पोरीच्या तोंडात पालेभाजी घालणं म्हणजे मांजरीला आंघोळ. ओवी ताटातलं प्रत्येक पान वेगळं काढून काठाला लावायची, वाळत घातल्यासारखं. मग मी गोष्टीवर आले. कसाऱ्याला गाडी घाट चढायच्या आधी तिला मागून ढकलायला जास्तीची इंजिनं लावतात, हे तिनं मामाच्या खांद्यावर बसून बघितलेलं. म्हटलं, "ही इंजिनं आता आली. आधी तुझा पणजोबा होता."

"पणजोबा काय करायचा?"

"गाडी ढकलायचा. सकाळी कुर्डूची भाजी, तांदळाची भाकरी, आणि लावला खांदा. थेट इगतपुरी. तिथं चहा प्यायचा आणि उतारावरून दुसरी धरून आणायचा, शेपटीला."

"गाडीला शेपूट असतं?"

"शेवटचा डबा काय असतो मग?"

पोर विचारात पडली. विचार करता करता तिनं एक घास गिळला. मग दुसरा. मग ताट पुढं केलं, "अजून वाढ." आजवर या तोंडातून 'अजून' हा शब्द फक्त गुळाच्या बाबतीत निघालेला. मी वाढलं. तिनं ते चाटूनपुसून खाल्लं आणि दंड फुगवून दाखवला. त्या घटकेला मला कोणी विचारलं असतं की जगात सुखी कोण, तर मी दुसऱ्याचं नाव घेतलं नसतं.

तेवढ्यात माझी जाऊ सुगंधा दारात आली. शेजारचंच घर, न विचारता येणं-जाणं. भांड्यात डोकावली. "कुर्डू? कुठलं गो?"

"काशिनाथकाकांच्या बांधावरचं. इतकं कवळं होतं, लोण्यासारखं."

सुगंधाचा चेहरा उतरला. "अगं, त्यांनी काल मारलंय औषध. मी बघितला ना पंप पाठीवर."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या औषधानं गवत लगेच मरत नाही. दोन-तीन दिवस ते तस्संच दिसतं, हिरवंगार, टवटवीत. मग एका सकाळी पिवळं पडायला लागतं. आमच्या आज्या-पणज्यांनी आम्हाला विषारी पान, खाजरं पान, कडू पान सगळं ओळखायला शिकवलं. पण आतून मेलेलं आणि वरून हसणारं पान त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, त्या शिकवतील कुठून?

पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं. ओवीच्या तोंडात बोट घालून चूळ भरायला लावली. ती रडत म्हणते, "मी काय केलं? सगळं तर खाल्लं!" शिवूनं त्या दिवशी नुसती पेज खाल्ली होती, तरी त्याचं तोंड मी चारदा पुसलं. महेशनं दुचाकी काढली, मी मागं पोरीला आवळून धरलेली, हायवेवरून ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातायत आणि मी तिला विचारतेय, पोटात दुखतंय का? मळमळतंय का? डोळे बघू? विचारून विचारून मीच तिला मळमळायला लावलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न केला, "कोणतं औषध होतं?"

"बांधाचं."

"बांधाचं म्हणजे? नाव काय त्याचं?"

मी महेशकडं बघितलं, महेशनं माझ्याकडं. नाव कोणाला ठाऊक? बाई म्हणाल्या, "नाव कळल्याशिवाय मी अंदाजानं काय करू?" तोच दारात काशिनाथकाका. माझे चुलत सासरे. कोणाच्या तरी दुचाकीवर मागं बसून आलेले, अंगावर चिखल, आणि हातात पिशवीत गुंडाळलेला तो औषधाचा कॅन. सुगंधानं जाऊन सांगितलं तशी धोतराचा सोगाही न खोचता निघाले होते. त्यांनी कॅन बाईंच्या टेबलावर ठेवला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कोणाकडं बघेनात.

बाईंनी बारीक अक्षरं वाचली. पोरीचं पोट दाबलं, डोळे बघितले, किती खाल्लं, कशी शिजवली ते विचारलं. मग म्हणाल्या, "थोडंच गेलंय. पण संध्याकाळपर्यंत इथंच बसा. उलटी झाली, घाम आला, काहीही वाटलं की लगेच हाक मारा."

आम्ही बाकड्यावर बसलो. मी आयुष्यात गप्प बसलेली ती एकच दुपार. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवून मी पोरीच्या कपाळाकडं बघत राहिले. घामाचा थेंब आला की काळजाचं पाणी, आणि श्रावणातल्या उकाड्यात थेंब तर येणारच. ओवीला मात्र थोड्या वेळानं कंटाळा आला. तिनं परत आलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तुमी कुर्डू खाता?"

"कधी कधी."

"मग तुमाला गाडी ढकलता येते?"

बाई हसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "न्या घरी. तुमचं इंजिन बरं आहे." महेश हसला, काकाही पुसट हसले. मला हसू येईना. हसण्याची जागा आत कुठं सापडेना.

दुसऱ्या दिवशी काकांनीच पडवीच्या कठड्याला टेकून सुरुवात केली. "बांध माझा. औषध माझं. पण माझ्या बांधावर तुझी भाजी हाय हे मी इसरलो गो."

"मारायचंच कशाला काका? विळा नाय का?"

"विळा हाय. हात कुठं हाय? गवत बेणायला माणूस मिळत नाय, पोरगा तुझ्या नवऱ्यागत गोदामात. काकीचे गुडघे ठाव हाय तुला. बांध नाय काढला तर उंदीर-खेकडे भोकं पाडतात, पाणी जातं, भात सुकतं. पंप काय, एका सकाळी सगळा बांध साफ." मग जरा थांबून म्हणाले, "मला पण नाय आवडत त्याचा वास."

मी भांडायला चांगली धार लावून बसले होते, ती तशीच पडून राहिली.

त्यानंतर मला एक रोग लागला. मी भाजी हुंगायला लागले. कुत्र्यासारखी, पानपान. मिठाच्या पाण्यात घालायची, काढायची, पुन्हा घालायची. एवढी धुवायची की भाजीचा रंग जाईल असं सुगंधा म्हणायची. तरी घास पोरीच्या तोंडाशी नेताना हात अडायचा. मग मी बाजारातून मेथी आणली, एकच जुडी, तीही हुंगली. मग कळलं की हिच्यावर कोणी काय मारलं ते विचारायलाही कोणी समोर नाही. बांधावर निदान मालक ओळखीचा.

म्हणून मी विचारायला निघाले. बांधाबांधानं. "काका, मारलं का? वहिनी, मारलं का? मारणार असाल तर सांगा." लोकांना वाटलं हिचं डोकं फिरलं. सुगंधा म्हणाली, "आता गवतावर पाय ठेवायला पण अर्ज करायचा का?" वाडीवरची एक बाई ठसक्यात बोलली, "तू विचारतीस ते आमाला लागतं गो. आमी काय तुला विष घालणारी माणसं?" तिचं खरं होतं. न विचारण्यात जो मोठेपणा होता तो मी माझ्या जिभेनं उसवत चालले होते. पण दारी पोरं होती आणि त्यांना रोज दोनदा भूक लागत होती. मोठेपणा शिजवून वाढता येत नाही.

शेवटी मी म्हटलं, नका सांगू, निदान खूण तरी लावा. गवताची राखण करताना काठीला पेंढा बांधून रोवतो ना आपण, की इथं गुरं सोडू नका, तशी. औषध मारलं की काठी, काठीला चिंधी. सगळे हसले. एकानं तर माझ्याच साडीची चिंधी मागितली. पण दोन दिवसांनी काशिनाथकाकांच्या वरच्या बांधावर एक काठी उभी दिसली, तिच्यावर त्यांच्या पावसात डोक्यावर घ्यायच्या जुन्या निळ्या घोंगत्याचा तुकडा फडफडत होता. काका पहिले. मग हळूहळू दुसरे. पाऊस सरेपर्यंत पाच-सहा काठ्या.

आणि यंदा? यंदा चिंचेखालून बघितलं तर जत्रा भरल्यासारखी दिसते. निळं, लाल, खताच्या गोणीचं पांढरं. कोणाच्या मुलाच्या फाटक्या शाळेच्या शर्टाची बाहीसुद्धा आहे. मी सुरू केलेली खूण मलाच घेरून उभी आहे. चिंधी बघितली की बरं वाटतं, कारण कळतं. आणि चिंधी बघितली की रिकामी ओटी सावरून वळते, कारण आणखी एक बांध गेला. पण सर्वांत वाईट तो बांध जिथं काठीच नाही. तिथं मारलं नाही, की काठी लावायची राहिली? की लावलेली कोणाच्या रेड्यानं पाडली? तिथलं कुर्डू वाऱ्यावर डुलतं, बोलावतं, आणि मी कडेला उभी, ना पुढं ना मागं. पूर्वी मी या वाटेनं गाणी म्हणत जायची. आता पोलिसासारखी जाते.

घरातही बरं नाही. महेशला यंदा दोन पाळ्या लागतात, सुट्टीच्या दिवशी तो उभ्या उभ्या झोपतो. मागल्या आठवड्यात तो दुकानातून एक कॅन घेऊनच आला. पडवीत ठेवला. मी त्याच्याकडं बघितलं.

"असं बघू नको. बांध छातीएवढा झालाय. कापणार कोण, तू?"

"मी."

"शिवूला काखेत घेऊन?"

मी शिवूला दुसऱ्या काखेत घेतला आणि चुलीपाशी गेले. त्यानं कॅन फोडला नाही. तो सीलबंद तिथं बसलाय आणि आम्ही दोघं त्याला वळसा घालून जातो, नकोशा पाहुण्याला घालावा तसा.

काल मी काकांच्या खालच्या बांधाशी उभी होते. काठी नाही. कुर्डू असं माजलेलं की पानांवर पाणी थांबावं आणि त्यात आपलं तोंड दिसावं. काका पलीकडून पाणी सोडून आले.

"काका, मारलं का?"

"नाय."

आणि माझ्या तोंडून गेलं, "नक्की?"

ते थांबले. माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, दमलेल्या माणसासारखं. मग वाकले, कुर्डूचा एक दणदणीत शेंडा खुडला, न धुता, कच्चाच तोंडात घातला आणि चावायला लागले. सावकाश. कच्चं कुर्डू काही गोड नसतं. गिळून झाल्यावर मिशी पुसत म्हणाले, "झालं? उद्या ये बघायला, जिता हाय का काका ते."

मी मान खाली घालून ओटी भरायला लागले. काका दोन पावलं गेले आणि वळले.

"आता तू सांग. तुमच्या बांधावर मारलं का? काकी येते ना तिकडं खुडायला. तिचे गुडघे वरच्या बांधाला चढत नाय."

एवढ्या दिवसांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी गावभर विचारत हिंडले, पण माझ्या बांधावर कोण वाकतं हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पडवीतला कॅन डोळ्यांपुढं आला. दोन पाळ्यांनी काळवंडलेला महेशचा चेहरा आला.

"नाय मारलं," मी म्हणाले.

"बरं," काका म्हणाले आणि चालू लागले.

बरं. एवढंच. 'नक्की' नाही, पान चाव म्हणून सांगणं नाही. त्या एका 'बरं'सकट ओटी उचलून मी घराकडं वळले. असं ओझं मी आवणीतही उचललं नव्हतं.

आज महेश पाळीवरून आला तशी शिवूला त्याच्या पोटावर ठेवला आणि विळा घेऊन आमच्या बांधावर आले. उगाच फुशारकी नको, छातीएवढ्या गवतात मी सकाळपासून जेमतेम एका म्हशीला बसता येईल एवढी जागा केलीय. हाताला फोड आलेत, कमरेचा कुठला मणका कुठं गेला कळत नाही. गवत कापायचं आणि कुर्डू सोडायचं, हे पंपाला जमत नाही, विळ्यालाही धड जमत नाही, दर मुठीला वाकून निवडावं लागतं. मागं राहिलेला बांध अजून कसाऱ्यापर्यंत पसरलाय असं वाटतं.

आणि तिकडच्या टोकानं काकी येतेय. एक गुडघा पुढं, मग थांबणं, मग दुसरा. आली, धापकन बसली, पदर पसरला, आणि माझ्याकडं न बघताच खुडायला लागली. तोंड चालू, सुनेची गाऱ्हाणी, जावयाची तब्येत, यंदा कंटोली कशी नाही. बोटं चालू. मी विळा थांबवून वाट बघत होते, आता विचारेल, आता विचारेल.

तिनं विचारलं नाही. ती विचारणारही नाही, आयुष्यात कधी विचारलंच नाही तिनं.

"बघत काय बसलीस गो," ती म्हणाली, "हात चालव."

मी पुढची मूठ धरली.